आत्याची ब्राउनिंग

मराठीच्या प्राध्यापकाची नातेवाइकांना आठवण होते ती दोनच कामांसाठी : लग्नपत्रिकेचा मजकूर आणि सरकारी अर्ज. साताऱ्याच्या आत्याने मला बोलावले ते दुसऱ्या कामासाठी. तिचे यजमान वारल्यावर त्यांची जुनी ब्राउनिंग बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती. अशी बंदूक मुदतीत परवान्यावर सोडवली नाही किंवा विकली नाही, तर ती सरकारजमा होते. आत्याला तर घराचे पत्रे बदलायला पैसे हवे होते. तिचा सांगलीकडचा पुतण्या म्हणाला, "काकू, मलाच द्या. शिकारीला होईल!"

ही ब्राउनिंग मोठी नामांकित. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १९०० साली तिचे पेटंट घेतले. विंचेस्टर कंपनीशी बोलणी फिसकटली, तेव्हा तो बेल्जियमच्या एफ. एन. कारखान्याकडे गेला. बार उडाला की नळी आणि बोल्ट मिळून मागे सरकतात. नळी आधी पुढे येते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि मागोमाग नवे आत बसते. असे पाच बार. चाप मात्र दर वेळी ओढायचा. नळीच्या स्प्रिंगपाशी घर्षणाची कडी असतात. हलक्या-भारी काडतुसांप्रमाणे ती बदलून लावावी लागतात, नाही तर पुढचे लाकूड धक्क्याने तडकते. म्हणून जुनी ब्राउनिंग घेताना आधी लाकूड पाहावे.

पण लाकडाआधी पाहावा कायदा. अर्धस्वयंचलित शस्त्रांचा वर्ग नियमांत निराळा आहे. दुनळीच्या परवान्यावर ही बंदूक मिळेल असे धरून चालू नये. आणि शिकार? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार आता ससा-तितरही हौसेने मारता येत नाही.

"पण सर, डुकरं ऊस लोळवतात त्याचं काय?" पुतण्याने विचारले. प्रश्न खोटा नव्हता. रात्रभर बांधावर जागणाऱ्यालाच ते दुःख कळते. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी कायद्यात वाट आहे. पण तीसुद्धा वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची. नुकसानभरपाईचा अर्जही करता येतो. तो मी तिथेच बसून लिहून दिला.

माणदेशातले व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानोमाळ हिंडले, आणि पुढे ती ठेवून नुसते पाहायला, टिपायला रानात जाऊ लागले. कोयना, सागरेश्वर ही अभयारण्ये १९८५ ची. रान तेच, तिथे जाण्याची रीत बदलली.

आत्याने सारे ऐकून घेतले. पुतण्या देत होता त्याहून कमी पैशांत तिने बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे दिली. "पैसे कमी आले तर दोन पत्रे पुढच्या वर्षी घालू," ती म्हणाली. "पण पोराला कोर्टाची पायरी नको." पुतण्या थोडा हिरमुसला, मात्र भरपाईचा अर्ज त्याने घडी घालून खिशात ठेवला.