आधी कान, मग जीभ

"मॅडम, वाचता येतं, लिहिताही येतं. पण समोरच्याने इंग्रजीत काही विचारलं की तोंडच उघडत नाही!" सिन्नरमध्ये मुलींचे इंग्रजीचे वर्ग घेताना हे वाक्य दर बॅचला ऐकू येतंच. या मुली चांगल्या पदवीधर असतात. माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींत मुलाखतीला जातात आणि 'स्वतःविषयी सांगा' एवढ्याशा प्रश्नापाशी अडतात. हातातोंडाशी आलेली नोकरी निसटते.

दोष मुलींचा नाही. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं खरं, पण आपला सगळा भर राहिला तो लिहिण्यावर. मैत्रिणींनो, आपलं बाळ मराठी कसं शिकतं? वर्षभर नुसतं ऐकतं, मग बोबडं बोलतं. पाटी-पेन्सिल त्यानंतर!

म्हणून माझ्या वर्गात सुरुवातीला वह्या बंद. मी छोटासा संवाद दोनदा वाचते. पहिल्यांदा एवढंच ओळखायचं, कोण कोणाशी बोलतंय. दुसऱ्यांदा, गाडी किती वाजता, तिकीट किती रुपये. मग जोड्या करून तोच प्रसंग आपल्या शब्दांत बोलायचा. मध्येच कोणाला टोकत नाही; चुका शेवटी सर्वांना मिळून सांगते.

कानाला सवय का हवी? मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाने सहसा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत मात्र 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी! शिवाय 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, तर 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. हे पुस्तकात वाचून कळत नाही, ऐकावंच लागतं. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने शाळांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा कार्यक्रम केला, तो रेडिओसाठीच. आकाशवाणीवरून तो मराठी शाळांतल्या मुलांच्या कानी पडला.

ज्यांना 'आपल्याला कुठे येतं इंग्रजी' असं वाटतं, त्या आयांनीही मागे राहू नये. भाकरी थापता थापता मुलीला विचारा, "व्हॉट डिड यू ईट टुडे?" ती "आय ईटेड पोहा" म्हणाली तरी हसू नका. "ओ, यू एट पोहा!" असं म्हणा, बरोबर रूप आपोआप कानावर जाईल. न समजल्यास "प्लीज से इट अगेन" म्हणायलाही शिकवा. पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. घरात कोणी हसलं नाही, तर उद्या मुलाखतीत तिची जीभ अडखळेल कदाचित, पण थांबणार नाही.