खाद्योत्सवातील बोंबील : पानावरील स्थानाविषयी एक टिपण

अंधेरीच्या पश्चिमेस समुद्राला लागून असलेल्या वेसावे कोळीवाड्यात, या शतकाच्या पहिल्या दशकापासून, थंडीच्या दिवसांत कोळी खाद्यमहोत्सव भरत आला आहे. तेथे रांधणारी, वाढणारी आणि पैसे घेणारी माणसे बहुधा एकाच घरची असतात. उपनगरांतील तारांकित हॉटेलांतही ‘कोळी’, ‘मालवणी’, ‘पाठारे प्रभू’ अशा नावांनी खाद्योत्सव साजरे होतात. घरचा पदार्थ अशा उंची भोजनगृहात येताना नेमके काय बदलते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

चव बदलते, असे उत्तर सामान्यतः मिळते. ते अपुरे आहे. बोंबलाचे उदाहरण घेऊ. या माशात शेकडा ८५ हून अधिक भाग पाणी असते. तळण्यापूर्वी तो उभा चिरून वजनाखाली दाबावा लागतो, एरव्ही तो तव्यावर विरघळून जातो. घरी हे वजन पाट्याचे असते, हॉटेलात आणखी कशाचे, क्रिया एकच. कुशल आचारी उत्तम बोंबील तळतो, हे मान्य केलेच पाहिजे.

बदलते ते पदार्थाचे जेवणातील स्थान. कोळ्याच्या घरी तळलेली तुकडी तांदळाच्या भाकरीबरोबर, कालवण-भाताच्या शेजारी पानात पडते. भोजनगृहात ती आरंभी, एकटी, लिंबाच्या फोडीसह येते आणि भात येईपर्यंत तिची बशी उचललेली असते. मसाल्याचेही तसेच. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी म्हणून कुटलेला मसाला घरोघर निराळा असतो. खाद्यपत्रिकेवर मात्र ‘कोळी मसाला’ हे एकवचन असते. विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरील ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. या समाजात मासळीची विक्री स्त्रियांच्या हाती असते, हे अभ्यासकांना नवे नाही. खाद्यपत्रिकेवर समाजाचे नाव येते. ज्या बाईच्या हाताचे ते कालवण, तिचे नाव क्वचितच.

सर्वांत लक्षणीय म्हणजे जे तेथे येतच नाही ते. ताजा बोंबील फार वेळ टिकत नाही, म्हणून पूर्वापार त्याचा मोठा भाग, जबड्यात जबडा अडकवून, बांबूंच्या मांडवावर वाळविला जातो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा कोळीवाड्याचे जेवण याच सुक्या बोंबलावर आणि जवळ्यावर चालते. म्हणजे वर्षाच्या हिशेबात ताज्याइतकेच सुक्याचे महत्त्व. विमानतळानजीकच्या एका हॉटेलातील उत्सवात प्रस्तुत लेखकाने त्याविषयी विचारणा केली. त्याचा वास पडद्यांना धरतो, असे वाढप्याने नम्रपणे सांगितले. आणि मग आवाज उतरवून, आपल्या घरी मात्र तो आठवड्यातून दोनदा होतो, असेही.