सुट्या भागांच्या वितरण गोदामातील बिनतारी संगणन : नूतनीकरणाची प्रक्रिया व समस्या

प्रस्तावना :

मोटारी, मालट्रक, ट्रॅक्टर किंवा बांधकामाची यंत्रे तयार करणाऱ्या उद्योगाची जबाबदारी विक्रीबरोबर संपत नाही. विकलेले वाहन पुढील अनेक वर्षे चालते राहावे यासाठी लागणारे सुटे भाग विक्रेत्यांना व गॅरेजना सातत्याने पुरवावे लागतात. हा पुरवठा जेथून होतो ते सुट्या भागांचे वितरण गोदाम होय. धान्याच्या किंवा कापडाच्या गोदामाहून त्याचे स्वरूप वेगळे असते. येथे हजारो प्रकारच्या वस्तू असतात. त्यांपैकी थोड्याच रोज लागतात आणि उरलेल्यांना वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी मागणी येते. दोन ऑइल सील दिसायला हुबेहूब सारखे, परंतु क्रमांकात एका अंकाचा फरक असतो आणि तेवढ्या फरकाने तो भाग गाडीला बसत नाही. चुकीचा भाग पोहोचला की गॅरेजमध्ये उभा असलेला मालट्रक आणखी काही दिवस उभाच राहतो. मालकाच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा अडलेल्या गाडीच्या मागणीला या व्यवसायात ‘व्हेइकल ऑफ रोड’ असे स्वतंत्र नाव असून तिला इतर मागण्यांच्या आधी प्राधान्य दिले जाते.

योग्य कप्प्यातून योग्य भाग निघाला की नाही याची पडताळणी जागेवरच व्हावी यासाठी कामगाराच्या हाती बारकोड वाचणारा बिनतारी संगणक दिला जातो. कार्यालयीन कागदपत्रांत त्याला ‘एच.एच.टी.’ म्हणतात, तर कामगार त्याला सरळ ‘गन’ म्हणतात. ही यंत्रे बदलण्याची वेळ आली की बहुतेक ठिकाणी हा प्रश्न खरेदी विभागाकडे सोपवला जातो : जुनी यंत्रे किती, तेवढीच नवी यंत्रे केवढ्याला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची दुसरी बाजू विचारात घेतली आहे. गोदामातील बिनतारी संगणनाचे घटक वेगवेगळ्या आयुर्मानाचे असतात, आणि नूतनीकरणातील बहुतेक अडचणी या असमान आयुर्मानातूनच उद्भवतात.

असमान आयुर्मान :

इमारत व लोखंडी रॅक यांची रचना वीस-तीस वर्षे टिकते. साठ्याचा हिशेब ठेवणारी मुख्य संगणक प्रणालीही सहजासहजी बदलली जात नाही. १९८८ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएमच्या ए.एस./४०० संगणकासाठी लिहिलेले कार्यक्रम त्याच्या वारसदार यंत्रांवर आजही चालू शकतात. याउलट, दिवसातून शेकडो वेळा उचलला जाणारा आणि अधूनमधून फरशीवर पडणारा हातातील संगणक पाच-सात वर्षांत जीर्ण होतो. बिनतारी जाळ्याचे आयुष्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते.

मुख्य प्रणाली जुनी व यंत्र नवे ही विसंगती सांधण्यासाठी ‘टर्मिनल इम्युलेशन’ ही युक्ती दीर्घकाळ वापरली गेली. हातातील संगणक स्वतः काहीच ठरवत नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्ही.टी.२२० किंवा आयबीएमच्या ५२५० या जुन्या टर्मिनलचे तो केवळ सोंग घेतो आणि मुख्य संगणकाने पाठवलेली अक्षरे आपल्या लहानशा पडद्यावर दाखवतो. ही व्यवस्था ओबडधोबड असली तरी अतिशय टिकाऊ ठरली, हे मान्य करावे लागते.

ती मोडकळीस आली ती यंत्रांमुळे नव्हे, तर त्यांच्यातील कार्यप्रणालीमुळे. या क्षेत्रात मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सी.ई. व तिच्यावर आधारित विंडोज मोबाइल यांचे जवळजवळ एकछत्री राज्य होते. विंडोज सी.ई. ६.० चे साहाय्य एप्रिल २०१८ मध्ये, विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५ चे जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज एम्बेडेड कॉम्पॅक्ट २०१३ चे ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. यंत्र उत्पादक तोपर्यंत अँड्रॉइडकडे वळले होते. उत्पादकांचे स्वरूपही याच काळात पालटले. सिम्बॉल टेक्नॉलॉजीज ही कंपनी २००७ मध्ये मोटोरोलाकडे गेली आणि तो व्यवसाय २०१४ मध्ये झेब्रा कंपनीने घेतला. इंटरमेक २०१३ मध्ये हनीवेलमध्ये विलीन झाली. गोदामातील एखाद्या जुन्या गनच्या पाठीवर आज अस्तित्वात नसलेल्या कंपनीचे नाव आढळते ते यामुळेच.

साहाय्य संपलेले यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. ते चालत राहते. परंतु सुरक्षेतील नव्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत. सुरक्षित संदेशवहनासाठीचा टी.एल.एस. १.२ हा संकेत जुन्या विंडोज मोबाइल यंत्रांना अवगत नाही. टी.एल.एस. १.० व १.१ हे आधीचे संकेत २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवण्यात आल्याने नव्या सर्व्हरशी बोलण्याची त्यांची वाट बंद होऊ लागली. बिनतारी जाळ्याच्या कुलपाचेही तसेच झाले. ‘वेप’ या मूळ सुरक्षापद्धतीतील दोष २००१ मध्येच उघड झाले व २००४ मध्ये तिला सक्षम पर्याय मिळाला. तरीही जुनी यंत्रे चालावीत म्हणून अनेक ठिकाणी कमकुवत कुलूप वर्षानुवर्षे तसेच ठेवले गेले. एका जुन्या यंत्रासाठी संपूर्ण जाळ्याची पातळी खाली आणणे हा व्यवहार बचतीचा वाटतो, पण तो बचतीचा नसतो.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी :

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक कारण जोडले गेले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर पडत असे. स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातील गोदामात माल हलवल्यास तो पडत नसे. त्यामुळे कंपन्या राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवत. नव्या करपद्धतीत ही गरज उरली नाही. साठा मोठ्या गोदामांत एकवटण्याकडे कल वाढला आणि भिवंडी, चाकण यांसारख्या परिसरांना अधिक महत्त्व आले. त्यातच एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. नव्या इंजिनांचे भाग साठ्यात आले. जुन्या गाड्या रस्त्यावर असल्याने जुने भागही ठेवावेच लागले. मजला विस्तारला, रॅकची उंची वाढली, वस्तूंचे क्रमांक वाढले. लहान गोदामासाठी आखलेले बिनतारी जाळे मात्र कित्येकदा दोन-चार ॲक्सेस पॉइंट वाढवून तसेच ताणले गेले.

लहरी व लोखंड :

बिनतारी लहरींच्या दृष्टीने सुट्या भागांचे गोदाम ही अत्यंत प्रतिकूल जागा आहे. ब्रेक डिस्क, गिअर व सायलेंडर हेड यांनी भरलेले रॅक लहरी परावर्तित करतात. तेलाचे डबे, शीतक द्रव व बॅटऱ्या त्या शोषून घेतात. एकच संदेश अनेक वाटांनी उलटसुलट पोहोचतो. शिवाय ही परिस्थिती स्थिर नसते. रिकाम्या रॅकमध्ये घेतलेली मापे माल भरल्यावर निरुपयोगी ठरतात. म्हणून जागेची लहरी-पाहणी साठा पूर्ण असताना, आणि कामगार ज्या उंचीवर यंत्र धरतो त्या उंचीवर, शक्यतो त्याच यंत्राने केली पाहिजे. छताजवळ शिडीवर उभे राहून लॅपटॉपने घेतलेल्या मापांचे आकडे चांगले दिसतात, एवढेच.

संकेत कमी पडतो म्हणून अधिक ॲक्सेस पॉइंट लावावेत, हा उपाय सर्वांना सुचतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात तो बहुधा अंगाशी येतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच, म्हणजे १, ६ व ११. उंच व मोकळ्या छताखाली एकाच वाहिनीवरचे दोन ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकू आले की त्यांना आळीपाळीने बोलावे लागते. १९९९ चे ८०२.११बी हे मानक ११ मेगाबिट वेगाचे होते. त्या काळातील यंत्रे नव्या जाळ्यात राहिली की त्यांना सांभाळण्यासाठी इतर सर्व यंत्रांना खबरदारीचे अतिरिक्त संदेश पाठवावे लागतात. बैलगाडीमागे मोटारींची रांग लागावी तसा हा प्रकार असतो. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात वाहिन्या पुष्कळ मिळतात. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने भारतात या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ इतकी जागा परवान्याविना वापरास खुली झाली. मात्र या लहरी त्याच अंतरावर अधिक क्षीण होतात. त्यामुळे जुन्या ॲक्सेस पॉइंटच्या जागी, त्याच खिळ्यावर, नवे उपकरण टांगून काम भागत नाही. रॅकमधील प्रत्येक बोळाच्या दिशेने रोखलेले ॲन्टेना वापरणे हा तुलनेने चांगला मार्ग आहे.

याहून नाजूक बाब म्हणजे चालता चालता एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाणे. हा बदल केव्हा करायचा हे जाळे नव्हे, तर हातातील यंत्र ठरवते. काही यंत्रे दूर गेलेला क्षीण संकेत शेवटपर्यंत सोडत नाहीत. कामगार बोळाच्या टोकाला पोहोचतो, पडदा गोठतो, आणि टेलनेटची जोडणी तुटते. मुख्य संगणकाला याची खबर नसते. त्याच्या लेखी ती नोंद अर्धवट उघडीच असते. कामगार पुन्हा प्रवेश करतो आणि तोच भाग दुसऱ्यांदा स्कॅन करतो. साठ्यातून दोन नग वजा होतात, खोक्यात एकच जातो. वार्षिक मोजदादीत सापडणाऱ्या तफावतीला चोरी किंवा निष्काळजीपणा म्हटले जाते, तेव्हा तिचा काही भाग या तुटलेल्या जोडण्यांचा असू शकतो, हे क्वचितच तपासले जाते. यंत्र व मुख्य संगणक यांच्यामध्ये जोडणी धरून ठेवणारा सर्व्हर बसवल्यास यंत्र क्षणभर दृष्टिआड झाले तरी काम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते. खर्चाच्या मानाने मोठा लाभ देणारा हा उपाय आहे.

पडदा, कळा आणि हात :

जुन्या गनवर खऱ्या कळा होत्या. अनुभवी कामगार पडद्याकडे न पाहता अंगठ्याने नेमकी कळ दाबत असे. हातमोजे असले तरी अडत नसे. अँड्रॉइड यंत्राच्या गुळगुळीत काचेवर कळ शोधण्यासाठी प्रत्येक वेळी नजर वळवावी लागते. नव्या यंत्रावर सुरुवातीच्या दिवसांत वेग घटतो तो या कारणाने. त्याला कामगारांचा विरोध समजणे अन्यायाचे होय. जेथे संख्या वारंवार टंकावी लागते तेथे कळा असलेली यंत्रेच घ्यावीत, आणि जेथे केवळ स्कॅन करायचे असते तेथे काचेचा पडदा चालतो. संपूर्ण गोदामासाठी एकच नमुना घेण्याचा आग्रह खरेदी विभागाच्या सोयीचा आहे, कामाच्या नव्हे.

पडदा मोठा झाला म्हणून त्यावर अधिक मजकूर भरण्याचा मोहही टाळावा लागतो. कामगाराला त्या क्षणी तीनच गोष्टी हव्या असतात : कोणता कप्पा, कोणता भाग, किती नग. लाभ खरा कोठे होऊ शकतो तर भाषेत. जुन्या यंत्रांवर रोमन मोठी अक्षरे आणि आखूड इंग्रजी आज्ञा असत. त्या अर्थ समजून नव्हे, तर आकारावरून पाठ केल्या जात. नव्या यंत्रांवर देवनागरी लिपी सहज उमटते. ‘कप्पा चुकला’ ही सूचना, वेगळा आवाज व कंप यांसह आली तर नव्याने रुजू झालेल्या कंत्राटी कामगारालाही ती तत्काळ कळते.

वाचन यंत्रणेचाही विचार आवश्यक ठरतो. लेझर स्कॅनर केवळ रेघांचा बारकोड वाचतो. प्रतिमा टिपणारा नवा स्कॅनर चौकोनी संकेतही वाचतो. क्यू.आर. संकेताचा जन्म १९९४ मध्ये डेन्सो या सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीतच झाला. खोक्यावरील अनेक बारकोड एकामागून एक वाचण्याचा त्रास वाचावा हा त्यामागील हेतू होता. मात्र हाताशी असलेला भाग वाचणारा स्कॅनर सात-आठ मीटर उंचीवरील कप्प्याची चिठ्ठी वाचेलच असे नाही. रीच ट्रकच्या चालकासाठी दूरवरचे वाचणारे वेगळे यंत्र घ्यावे लागते. अन्यथा तो खाली लावलेल्या नकलेवरून वरचा कप्पा स्कॅन करू लागतो आणि पडताळणीचा मूळ उद्देशच नाहीसा होतो.

बदलाचा क्रम :

जाळे, यंत्र व कार्यक्रम हे तीनही एकाच सुटीत बदलण्याचे धाडस शक्यतो करू नये. बिघाड झाल्यास तो कशात आहे हे कळत नाही. प्रथम जाळे बदलून त्यावर जुनी यंत्रे चालवावीत. नंतर नवी यंत्रे आणून त्यांवर जुनाच कार्यक्रम चालवावा. पडद्यांची पुनर्रचना सर्वांत शेवटी. जुन्या यंत्रांना या काळात वेगळे, मर्यादित जाळे द्यावे. चाचणीसाठी सोयीचा कोपरा निवडण्याची प्रथा आहे. वस्तुतः तेथे सर्वांत अवघड जागा, उदाहरणार्थ जड लोखंडी भागांचा बोळ, निवडली पाहिजे. मार्चअखेरची मोजदाद व दसरा-दिवाळीची गर्दी हे दिवस वगळणे ओघानेच आले.

नव्या यंत्रांसोबत येणारी एक क्षमता मात्र फारशा चर्चेविना स्वीकारली जाते. प्रत्येक स्कॅनची वेळ, दोन स्कॅनमधील अंतर, कामगाराचे गोदामातील ठिकाण या सर्वांची नोंद आता सहज होते. तिचा उपयोग संकेत कोठे तुटतो किंवा कोणता कप्पा गैरसोयीचा आहे हे शोधण्यासाठी होऊ शकतो, तसाच कंत्राटी कामगाराची मिनिटे मोजण्यासाठीही. जड भागांच्या बोळातील वेग आणि ऑइल सीलच्या बोळातील वेग एकाच मापाने मोजला गेला की कामगार स्कॅन टाळण्याच्या पळवाटा शोधतात. एकाच नगाचा बारकोड पाच वेळा वाचून पाच नग उचलले जातात आणि त्यांतला एक वेगळ्याच क्रमांकाचा असतो. म्हणून या नोंदी कोण पाहणार व कशासाठी, हे यंत्रे वाटण्यापूर्वी कामगारांसमक्ष ठरवणे इष्ट होय.

शेवटी जुन्या यंत्रांचा प्रश्न उरतो. ‘अडीअडचणीला असू द्या’ म्हणून काही गन कपाटात ठेवल्या जातात आणि गर्दीच्या दिवशी त्या पुन्हा बाहेर येतात. तोवर जुने वेग व जुने कुलूप जाळ्यातून काढता येत नाहीत. त्यांतील नोंदी पुसून, बॅटऱ्या वेगळ्या करून, २०२२ च्या ई-कचरा व बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे सुपूर्द झाल्यावरच ॲक्सेस पॉइंटवरील मंद वेग बंद करता येतात, आणि नव्या जाळ्यासाठी मोजलेल्या पैशांचा पूर्ण मोबदला त्या दिवसापासून मिळू लागतो.