रबरावर छापलेलं नाव पुसून का जातं? दोष शाईचा नसतोच!

पोरांच्या गमबुटांवर मार्करने नाव लिहिलंय कधी? दोन दिवसांत गायब! मग आपण त्या 'पर्मनंट' मार्करच्या नावाने बोटं मोडतो. पण रबरी वस्तूंवर नावं छापून विकणाऱ्याच्या बाबतीत हेच घडलं, तर अख्खी ऑर्डर परत येते.

आणि गंमत म्हणजे, दोष बहुतेक वेळा रबराचा असतो.

शाई चिकटायची तर आधी ती नीट पसरली पाहिजे. रबरावर पाण्याचा थेंब टाकून बघा. अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोळा होऊन बसला, तर शाईलाही तिथे पाय रोवणं जडच जाणार. त्यात माल साच्यातून सहज सुटावा म्हणून साच्यात सिलिकॉनसारखं द्रव्य फवारतात. त्याचा पातळ थर वस्तूवर राहतो.

खरा खलनायक मात्र आतच असतो. हवेतल्या ओझोनमुळे रबराला चिरा पडतात. त्या पडू नयेत म्हणून टायरसारख्या वस्तूंच्या रबरात मुद्दाम मेण घालतात. ते हळूहळू वर येतं आणि पृष्ठभागावर पसरतं. टायरसाठी हे वरदान, छपाईसाठी डोकेदुखी! आज पुसलं तरी काही दिवसांनी ते पुन्हा हजर. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, बारीक पॉलिश पेपर मारायचा, परत पुसायचं आणि लगेच छापायचं.

बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवण्याआधी रबराला क्लोरीनयुक्त रसायन लावतात. त्याने पृष्ठभागच बदलतो आणि पकड वाढते. पण घरी ब्लीच आणि ॲसिड एकत्र करून हा प्रयोग अजिबात करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

शाईसुद्धा रबरासोबत ताणली जाणारी हवी, नाहीतर तडे जातात. फुग्यांवर छापताना फुगा आधी थोडा फुगवतात, तो याचसाठी.

आणि हातात घालायचे ते रंगीत बँड? ते बहुतेक सिलिकॉनचे असतात. तिथे साधी शाई टिकतच नाही, सिलिकॉनचीच शाई लागते आणि ती उष्णता देऊन पक्की करावी लागते.

मोठी ऑर्डर घेण्याआधी एकच नग छापा. एक दिवस सुकू द्या. मग त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. अक्षरं पट्टीवर आली, तर अजून पैसे घेऊ नका!