संत्र्याचा रंग आणि यकृताचं कोठार

आंबिया बहाराचा माल उतरू लागला की मोर्शी-वरुडच्या रस्त्यांवर संत्र्याचे ढीग दिसू लागतात. क्रेट भरले जातात, ट्रक उभे राहतात आणि व्यापाऱ्याची पहिली नजर जाते ती रंगावर. हिरवट माल बाजूला, भगवा पुढे. संत्रा खाणाऱ्याला मात्र शाळेपासून एकच गोष्ट पाठ असते: संत्र्यात 'क' जीवनसत्त्व असतं. ते खरंच आहे, पण 'क' जीवनसत्त्वाला रंग नसतो. हा भगवा रंग ज्या द्रव्यांचा आहे, त्यांच्यातलं एक म्हणजे बीटा-क्रिप्टोझँथिन. आपल्या शरीरात गेल्यावर त्यातून 'अ' जीवनसत्त्व तयार होतं. गाजरातलं बीटा-कॅरोटीन हा त्याचाच भाऊबंद. कॅरोटीनचा रेणू मधोमध तुटला तर दोन्ही तुकडे 'अ' जीवनसत्त्वाच्या कामी येतात, क्रिप्टोझँथिनचा मात्र एकच.

एवढी साधी गोष्ट कळायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली. १९१३ साली अमेरिकेत लोण्यातल्या आणि अंड्याच्या बलकातल्या एका अनामिक घटकाचा सुगावा लागला. तो मिळाला नाही तर उंदरांची वाढ खुंटायची. १९१९मध्ये स्टीनबॉक यांच्या लक्षात आलं की पिवळ्या मक्यात हा गुण आहे, पांढऱ्यात नाही. म्हणजे पिवळेपणा हेच जीवनसत्त्व? पण कॉड माशाच्या यकृताचं तेल जवळजवळ बिनरंगी, आणि गुणाला सगळ्यांत जबर. हे कोडं केंब्रिजच्या थॉमस मूर यांनी १९३०च्या सुमारास सोडवलं. त्यांनी 'अ' जीवनसत्त्वाला मुकलेल्या उंदरांना कॅरोटीन खाऊ घातलं आणि मग त्यांची यकृतं तपासली. पोटात गेला होता पिवळा पदार्थ, यकृतात साठलं होतं बिनरंगी 'अ' जीवनसत्त्व. रंगाचं जीवनसत्त्व करण्याचं काम शरीर स्वतःच करतं, हे त्यातून सिद्ध झालं.

मूर पुढेही यकृतातच रमले. १९३७मध्ये त्यांनी मृत माणसांच्या यकृतांतला 'अ' जीवनसत्त्वाचा साठा मोजून प्रसिद्ध केला. अपघातात गेलेल्यांचा साठा भरलेला, जंतुसंसर्गाने झिजून गेलेल्यांचा आटलेला. १९४३मध्ये नॉर्वेच्या रोडाल यांच्यासोबत त्यांनी ध्रुवीय अस्वलाचं यकृत तपासलं. ते खाऊन आजारी पडल्याचे किस्से आर्क्टिकला जाणारे दर्यावर्दी कधीपासून सांगत होते. त्या यकृतात 'अ' जीवनसत्त्व इतकं ठासून भरलेलं होतं की तेच विष ठरत होतं. त्याच काळात इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये काही स्वयंसेवकांनी स्वतःवर उलटा प्रयोग करू दिला. सोळा जण महिनोन्‌महिने, काही जण तर दोन वर्षांपर्यंत, 'अ' जीवनसत्त्वाविना जेवले. त्यांच्यातल्या फक्त तिघांत कमतरतेची स्पष्ट लक्षणं दिसली. बाकीच्यांना यकृताच्या कोठाराने तारून नेलं.

आपल्याकडे हे कोठार जुन्या वैद्यांनाही ओळखीचं होतं. रातांधळेपणाला सुश्रुतसंहितेत नक्तांध्य म्हटलं आहे आणि त्यावर यकृत खायला सांगितलं आहे. ते का लागू पडतं, याचं उत्तर जॉर्ज वाल्ड यांनी १९३३मध्ये दिलं. डोळ्याच्या पडद्यात त्यांना 'अ' जीवनसत्त्व सापडलं. अंधुक उजेडात पाहण्यासाठी लागणारं द्रव्य त्याच्यापासूनच बनतं आणि त्यासाठी 'अ' जीवनसत्त्वाचा पुरवठा सतत चालू राहावा लागतो. वाल्ड यांना १९६७ साली नोबेल मिळालं.

मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं नाव मात्र वेगळं आहे, आणि ते फारसं कुणी घेत नाही, याची खंत वाटते. ते नाव डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांचं. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८मध्ये निलगिरीतल्या कुन्नूर इथे बेरीबेरीच्या अभ्यासासाठी एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली होती. तीच पुढे देशाची पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली. आधीचे संचालक एक्रॉइड यांच्यानंतर तिची सूत्रं पटवर्धनांकडे आली. १९५२मध्ये त्यांचा भारतातल्या पोषणावरचा ग्रंथ निघाला. १९५८मध्ये ही प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादला हलली, तेव्हा ती त्यांच्याच हाती होती. आज आपण तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतो.

हैदराबादनंतर त्यांचं काम देशाबाहेर गेलं. १९६९मध्ये 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळे कोरडे पडण्याच्या रोगाचा त्यांनी जगभराच्या अनुभवावरून आढावा घेतला. अरब देशांतल्या पोषणावर अमेरिकेच्या विल्यम डार्बी यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९७२चं. आणि मग १९७३मध्ये एक शोधनिबंध आला. लेखकांमध्ये न्यूयॉर्कचे स्मिथ आणि गुडमन, इजिप्तचे डॉक्टर, आणि सोबत व्ही. एन. पटवर्धन.

हा निबंध समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. यकृतात साठलेलं 'अ' जीवनसत्त्व आपलं आपण रक्तात उतरत नाही, ते पाण्यात विरघळत नाही. त्याला वाहून न्यायला यकृत एक खास प्रथिन तयार करतं. हे वाहक प्रथिन गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८मध्ये वेगळं काढलं. आता प्रश्न असा की, ज्या मुलाच्या अंगात प्रथिनंच नाहीत, त्याचं यकृत हे वाहक कशातून बनवणार?

कैरोतल्या कुपोषित मुलांच्या रक्तात हेच पाहिलं गेलं. 'अ' जीवनसत्त्व कमी होतं, वाहक प्रथिनही कमी. मग मुलांना नीट जेवण दिलं, पुरेशी प्रथिनं आणि उष्मांक दिले, पण 'अ' जीवनसत्त्वाचा वेगळा डोस दिला नाही. तरीही रक्तातलं 'अ' जीवनसत्त्व वाढलं, वाहक प्रथिनाबरोबरच वाढलं. याचा अर्थ यकृतात काही साठा होता, तो बाहेर निघत नव्हता. रक्ताच्या तपासणीत 'अ' कमी दिसलं म्हणजे ते मुलाने खाल्लंच नाही, असं लगेच म्हणता येत नाही, हे या कामातून उलगडलं. पटवर्धनांच्या साऱ्या कारकिर्दीतून हाच एक निबंध निवडायचा झाला तरी मी तोच निवडेन, कारण तो थेट आपल्या जिल्ह्याच्या दारात येऊन उभा राहतो.

अमरावती जिल्ह्याच्या एका अंगाला मोर्शी-वरुडच्या संत्र्याच्या बागा, दुसऱ्या अंगाला धारणी-चिखलदऱ्याचा मेळघाट. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या आणि कुपोषणाच्या बातम्या आपण किती वर्षं वाचतो आहोत! तिथे पिवळ्या-हिरव्या अन्नाचा पूर्ण दुष्काळ आहे असंही नाही. पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटा, शेवग्याचा पाला, अंबाडी, चवळीची भाजी, यांत कॅरोटीन भरपूर असतं, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं. पण कॅरोटीन आतड्यातून आत शिरायला तेल लागतं. भाजी नुसती उकडून दिली तर त्यातलं बरंचसं वाया जातं, तेलाची फोडणी पडली की कामी येतं. वऱ्हाडातल्या जेवणात जवसाच्या चटणीवर तेलाची धार सोडायची पद्धत आहे, ती या दृष्टीने फार शहाणी आहे. आणि कॅरोटीन आत जाऊन त्याचं 'अ' जीवनसत्त्व झालं, तरी यकृतातून डोळ्यापर्यंत न्यायला ते वाहक प्रथिन हवंच. म्हणजे डाळ हवी, अंडं हवं, दूध हवं. मुलाला सतत जुलाब होत असतील, गोवर आला असेल, तर साठा आणखी झपाट्याने खाली जातो. बाळाच्या पोटाची, तापाची आणि डोळ्यांची नोंद तीन वेगळ्या वह्यांत ठेवून भागत नाही.

यकृताच्या साठवून ठेवण्याच्या गुणाचा फायदा घेऊन भारतात १९७०पासून मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे मोठे डोस द्यायला सुरुवात झाली. त्यामागे हैदराबादच्याच संस्थेचे प्रयोग होते. एकदा पाजलं की यकृत ते महिनोन्‌महिने पुरवून पुरवून वापरतं, म्हणून दोन डोसांत सहा महिन्यांचं अंतर चालतं. आणि जास्त झालं तर बाधतं, हे ध्रुवीय अस्वलाच्या यकृताने शिकवलं होतं, म्हणून डोसाचं माप आणि अंतर दोन्ही पाळावं लागतं. आजच्या वेळापत्रकात नवव्या महिन्यात गोवराच्या लशीसोबत एक लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास दोन लाख, आणि पुढे दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांचं होईपर्यंत. एकूण नऊ डोस, सतरा लाख युनिट. आकडा डोळे दिपवतो, पण दोन लाख युनिट म्हणजे वजनात फक्त ६० मिलिग्रॅम.

हे औषध गोड, घट्ट द्रावणाच्या बाटलीत येतं आणि बाटलीसोबत एक छोटा प्लास्टिकचा चमचा असतो. चमच्यावर दोन खुणा असतात, एक मिलिलिटरची आणि दोन मिलिलिटरची. लसीकरणाच्या दिवशी परिचारिका आधी बाळाचं कार्ड पाहते, मग खुणेपर्यंत चमचा भरते आणि बाळाला पाजते.