लोखंडाचीही दिशा असते

हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ करण्यात आले, असे कुरआन सांगते. आपल्याला मात्र ते समजून घेऊनच वाकवावे लागते.

धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेशन शिकणाऱ्या आपल्या मुलांना आम्ही एवढेच सांगू: कारखान्यात लाटताना पोलादी प्लेटचे कण लाटण्याच्या दिशेने लांबतात. अख्ख्या प्लेटची लांबी सहसा हीच दिशा. कापण्याआधी खडूने तसा बाण काढा. वाकाची रेषा बाणाला आडवी ठेवा. समांतर ठेवली तर बाहेरून तडा जाण्याचा धोका वाढतो. नाइलाज असेल तर गोलाई मोठी द्या, आधी एक तुकडा वाकवून पाहा.

ट्रॉलीचा तडा रंगाखाली झाकता येतो. पण तिच्यावर बसणाऱ्या मजुरांचा जीव आपल्याकडे अमानत आहे.