कापलेल्या चित्राचे शिल्लक खाते

१९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्राने टिपून संगणकात उतरविले, तेव्हा त्या चित्राच्या वाट्याला १७६ बिंदूंच्या १७६ ओळी, म्हणजे अवघे ३०,९७६ बिंदू आले. आणि आज एखाद्या प्राध्यापकाने व्याख्यानाच्या स्लाइडवर तेच चित्र ताणून पडद्याच्या १०८० ओळींइतके उंच केले, तर मूळच्या एकेका बिंदूच्या जागी सुमारे ३८ बिंदू उभे करण्याची तजवीज संगणकाला करावी लागते. हा भरणा तो शेजारच्या बिंदूंच्या सरासरीतून करतो : एक शेजारी काळा व दुसरा पांढरा असला, तर मधल्यांना करड्या छटा वाटून देतो. चित्र त्यामुळे मऊ दिसते खरे. परंतु पापणीचा जो केस मुळात टिपलाच गेला नव्हता, तो या वाटणीतून उगवत नाही. म्हणूनच शोधयंत्राने दाखविलेले पिटुकले चित्र तसेच उचलण्याची घाई न करता मूळ चित्रापर्यंत जावे, आणि तेथेच वापराच्या परवान्याच्या अटीही वाचून घ्याव्यात.

उलट प्रकारही तितकाच सार्वत्रिक आहे. मोबाइलने काढलेल्या ४०००×३००० बिंदूंच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात, तर १९२०×१०८० च्या पडद्यावर मावतात जेमतेम पावणेएकवीस लाख. चित्र लहान करताना मधले बिंदू नुसते गाळले, तर दगडी जाळीसारख्या बारीक नक्षीवर मुळात नसलेल्या लाटा उमटतात. त्या टाळण्यासाठी आधी सरासरी व मग गाळणी, हा क्रम पाळावा लागतो.

याच छायाचित्राने १६:९ प्रमाणाचा पडदा भरण्यासाठी त्याची केवळ बाजूची कड ओढली, तर वेरूळच्या कैलास लेण्यातला सडपातळ स्तंभ एक तृतीयांशाने स्थूल होतो, आणि असे स्तंभ विद्वत्सभांतून निर्विकारपणे दाखविले जातात! योग्य मार्ग कातरण्याचा : ७५० ओळी गमवाव्या लागतात, पण आकाशातल्या की पायथ्याच्या, हे ठरविण्याची मुखत्यारी आपल्याकडे राहते.

मात्र पॉवरपॉइंटमधील कातरणे हे मुळात झाकणे आहे. गुणपत्रकाच्या छायाचित्रातील विद्यार्थ्यांची नावे कापून ती फाइल कोणी गावभर वाटली, तर घेणाऱ्याला चित्राची कड पुन्हा ओढून ती सारी नावे वाचता येतात. कापलेला भाग कायमचा काढून टाकण्याचा हुकूम 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये स्वतंत्रपणे द्यावा लागतो. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये तर याहून विलक्षण दोष २०२३ साली उघडकीस आला : कातरलेले चित्र जुन्या फाइलवरच लिहिले जाई, नवी फाइल आखूड असल्याने जुनीचे शेपूट मागे उरे, आणि त्या शेपटातून कापलेल्या चित्राचा बराचसा भाग पुन्हा उभा करता येई. मार्चमध्ये दुरुस्ती आली ती पुढच्या चित्रांपुरती. तोवर लोकांनी पाठवून दिलेली कित्येक चित्रे जिथे गेली होती तिथे शेपटासकटच राहिली.